स्टॉक स्क्रीनवर, रॅक रिकामा: दुकानाची आतली घडी बसवताना

"तुमच्या मुलानं फोनवर ‘आहे’ म्हणून सांगितलं, म्हणून रिक्षा करून आले हो मी."

आजी कर्वेनगरहून आल्या होत्या. त्यांना थालीपिठाची भाजणी हवी होती. कॉम्प्युटरवर पाच पुड्या दिसत होत्या. रॅकवर एकही नव्हती, माळ्यावर नव्हती, कोपऱ्यातल्या खोक्यातही नव्हती. फोन घेणारा मुलगा खोटं बोलला नव्हता, त्यानं स्क्रीन वाचून दाखवली होती.

कोथरूडला आमचं किराणा दुकान आहे. वडील यादी घेऊन माल बांधून द्यायचे आणि कुठल्या डब्यात किती तूरडाळ उरली आहे हे डोळे मिटून सांगायचे. आता दोन बिलिंग काउंटर, सहा माणसं आणि साडेचार हजारांच्या आसपास आयटम आहेत, त्यामुळे डोळे मिटायची सोय राहिलेली नाही. गिऱ्हाइकाला जो मनस्ताप होतो तो बहुतेक वेळा काउंटरवर घडत नाही. दोन दिवसांपूर्वी माल उतरवताना किंवा कुणीतरी एखादा आकडा टाइप करताना तो घडून गेलेला असतो, काउंटरवर फक्त उघडकीला येतो. म्हणून बिलिंगच्या मुलाला ‘जरा गोड बोलत जा’ असं शिकवून फारसं हाती लागत नाही. खाली लिहितोय ती आमच्याकडे चुका करत करत बसलेली पद्धत आहे.

पायरी १: काउंटरखाली एक वही

साधी शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवस प्रत्येक कुरबूर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायची. ‘भावाबद्दल वाद’ असं लिहू नका. "अहो, रॅकवर ५५ लिहिलंय, बिलात ६२ कसे?" असं लिहा. शेजारी तारीख, वेळ आणि वस्तू. कोणाची चूक हा रकाना ठेवायचा नाही. तो ठेवला की मुलं लिहायचं बंद करतात, हा स्वानुभव आहे. आमच्या पहिल्या वहीत तो रकाना होता आणि आठ दिवसांत त्या वहीवर फक्त चहाचे डाग पडले.

जे गिऱ्हाईक न बोलता निघून जातं त्याची नोंद वहीत येत नाही, हे खरं. पुणेकर गिऱ्हाईक सहसा बोलून जातं, एवढा आपला फायदा.

पायरी २: एक तक्रार घ्या आणि उलटं चालत जा

काउंटरपासून रॅक, रॅकपासून माळा, तिथून खरेदीची नोंद, तिथून आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली वस्तूंची मूळ यादी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: इथपर्यंत सगळं बरोबर होतं का?

भाजणीचं असंच केलं. खरेदीची नोंद बरोबर होती. चोरीचा संशय आला, पण भाजणी कोण चोरणार? मग उणे स्टॉकचा रिपोर्ट काढला, म्हणजे नोंदलेल्या मालापेक्षा जास्त विक्री दाखवणाऱ्या वस्तूंची यादी. त्यात त्याच उद्योगाची उपवासाची भाजणी उणे पाच! म्हणजे थालीपिठाच्या पाच पुड्या उपवासाच्या नावावर विकल्या गेल्या होत्या. पुडी सारखी, वजन सारखं, भाव सारखा. बिलाची रक्कम चुकत नव्हती, त्यामुळे ना गिऱ्हाइकाला कळलं, ना गल्ल्याच्या हिशोबात काही आलं.

कॅशियरला विचारलं तेव्हा खरी गोष्ट निघाली. थालीपिठाच्या पुडीवरचा बारकोड नेमका खालच्या घडीत छापलेला होता. स्कॅनर तो वाचत नव्हता, मागे चार माणसं उभी, म्हणून तो हाताशी असलेली उपवासाची पुडी स्कॅन करून मोकळा व्हायचा. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. त्याला ओरडून काय होणार होतं? त्या भाजणीला आता माल उतरवतानाच आमचं स्टिकर लागतं, पुडीच्या सपाट बाजूला.

ही चूक जिथे एका भावाचे चार प्रकार असतात तिथे हमखास होते: साबणाचे वास, बिस्किटांचे स्वाद, नूडल्स. चार वेगवेगळ्या वड्या आल्या की एक स्कॅन करून ‘गुणिले चार’. उणे स्टॉक दिसला की त्या वस्तूचं जुळं भावंड शोधा. ते फुगलेलं सापडेल.

पायरी ३: आयटम मास्टर धुऊन काढा

हे सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं काम. आम्हाला सहा आठवडे लागले, रोज दुकान उघडण्याआधी एक तास.

आधी नावं. आमच्याकडे पोहे पाच तऱ्हांनी लिहिलेले होते: पोहा, पोहे, जाड पोहे, पोहे जाडे आणि एका महाभागानं नुसतंच ‘पो जा’. एकाच वस्तूचे दोन कोड असले की स्टॉक दोन खिशांत वाटला जातो. एक खिसा रिकामा दिसतो आणि मुलगा गिऱ्हाइकाला ‘संपलं’ म्हणून सांगतो. नाव लिहिण्याचा एक क्रम ठरवा: वस्तू, प्रकार, कंपनी, वजन. तोच सगळीकडे.

मग एकक. डिस्ट्रिब्युटरच्या बिलात ‘१ बॉक्स’ असतं, आपण नग विकतो. बॉक्समध्ये बारा असताना रूपांतर भरलेलं नसेल, तर बारा नग येऊन नोंद एकाची होते.

बारकोडबद्दल थोडं सविस्तर. आपल्याकडच्या बहुतेक पॅकवर तेरा आकडी बारकोड असतो. ८९० ने सुरू होणारा क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतलेला असतो. त्यावरून माल भारतात बनला असा अर्थ निघत नाही. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. आधीच्या बारा आकड्यांवरून तो गणितानं निघतो, म्हणून हातानं टाइप करताना एक आकडा चुकला तर नीट बसवलेलं सॉफ्टवेअर ते स्वीकारत नाही. तुमचं सॉफ्टवेअर मुकाट्यानं स्वीकारत असेल तर ती तपासणी बंद आहे. ती चालू करून घ्या.

सुट्ट्या मालाचा बारकोड आपला वजनकाटा छापतो. तो दुकानापुरता असतो आणि २ ने सुरू होतो. आमच्या काट्याचं हे स्टिकर पाहा: २१०००४५०१२५०६. पहिले दोन आकडे म्हणजे ‘हा काट्यावरचा माल’, पुढचे पाच (०००४५) म्हणजे शेंगदाणे, त्यापुढचे पाच (०१२५०) म्हणजे १२५० ग्रॅम, शेवटचा ६ पडताळणीचा. मधले पाच आकडे वजन आहेत की किंमत, हे काटा आणि बिलिंग सॉफ्टवेअर या दोघांनी एकच मानलं पाहिजे. काटा बदलला तेव्हा आमच्याकडे ते राहिलं. काटा म्हणाला १२५० ग्रॅम, सॉफ्टवेअरला ऐकू आलं १२ रुपये ५० पैसे. सव्वा किलो शेंगदाणे साडेबारा रुपयांना! अर्धा दिवस हे चाललं होतं. शेवटी एका काकांनीच बिल परत आणून दाखवलं आणि वर "धंदा करायचाय ना?" असंही विचारून गेले. नवा काटा किंवा नवं सॉफ्टवेअर आलं की पहिली पाच स्टिकरं स्वतः स्कॅन करून बघा.

पायरी ४: भाव बदलण्याचा क्रम ठरवा

वहीतल्या तक्रारींत सगळ्यांत जास्त वाद याच कारणावरून झालेले असतात. रॅकवर एक, बिलात दुसरं. साधा नियम आहे. भाव वाढणार असेल तर आधी रॅकवरची चिठ्ठी बदला, मग सॉफ्टवेअर. भाव उतरणार असेल तर आधी सॉफ्टवेअर, मग चिठ्ठी. मधल्या अर्ध्या तासात कुणी घेतलंच, तर चिठ्ठीपेक्षा कमी पैसे लागतील, जास्त कधीच लागणार नाहीत. कमी लागले म्हणून आजवर कुणी भांडलेलं नाही.

कंपनी छापील किंमत वाढवते पण बारकोड तोच ठेवते, तेव्हा रॅकवर दोन किमतींचे पॅक एकत्र राहतात. अशा वस्तूला स्कॅन केल्यावर ‘कोणती एमआरपी?’ असं विचारणारी खिडकी उघडली पाहिजे. ती त्रासदायक वाटते म्हणून कॅशियर बंद करायला सांगतात. करू नका. जुन्या पॅकवर नव्या किमतीचं बिल झालं, तर ते छापील किमतीपेक्षा जास्त घेणं झालं, आणि कायद्याने ते चालत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा या सगळ्याची परीक्षाच झाली. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले, वह्या १२ वरून शून्यावर. आदल्या रात्री बसून आम्ही सगळे दर बदलले आणि सकाळी समाधानानं शटर उघडलं. दुपारी एक निवृत्त शिक्षक बिल घेऊन उभे. शाम्पूचे पैसे कालच्याइतकेच लागले होते.

झालं असं होतं: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये विक्रीची किंमत करासह भरलेली होती. समजा ११८ रुपये, म्हणजे मूळ १०० आणि कर १८. दर ५ केल्यावर बिल १०५ व्हायला हवं. पण सॉफ्टवेअरनं ११८ ला हातच लावला नाही. त्यानं फक्त आतली वाटणी बदलली: मूळ ११२.३८, कर ५.६२. बिलावर ५ टक्के छापून येत होतं, सगळं कायदेशीर दिसत होतं, आणि कर कमी झाल्याचे पैसे गिऱ्हाइकाऐवजी आमच्या खिशात जात होते. त्या दिवशी दुपारी दुकान दोन तास बंद ठेवून किमती पुन्हा काढल्या आणि खाते असलेल्या गिऱ्हाइकांचा फरक त्यांच्या खात्यात जमा केला. तुमच्याकडे किंमत करासह आहे की कराविना, हे आजच बघून ठेवा. दर पुन्हा बदलतील तेव्हा रात्र थोडी असते.

पायरी ५: माल उतरवण्याची वेळ

टेम्पो अकरा वाजता येतो, गर्दीही अकरालाच. मुलगा चलनावर सही करतो, खोकी दारात रचतो, ‘नंतर मोजू’ म्हणतो. ते नंतर येत नाही. दहावर एक फुकटच्या स्कीमचे नग नोंदायचे राहतात, फुटका डबा सापडतो तोवर डिस्ट्रिब्युटरचा माणूस हडपसरला पोचलेला असतो, आणि मधल्या काळात दारातलं खोकं फोडून विक्री सुरूसुद्धा झालेली असते. उणे स्टॉकची निम्मी उदाहरणं इथली.

दुपारी एक ते चार बंद हा पुण्याच्या टवाळीचा विषय आहे. आम्ही तीच वेळ मालासाठी ठेवली. सगळ्या डिस्ट्रिब्युटरना सांगितलं, दोन ते चार. दोघांनी कुरकुर केली, पण रांगेत थांबावं लागत नाही हे कळल्यावर तेही दोनलाच येऊ लागले. नियम एकच: नोंद झाल्याशिवाय माल रॅकवर जायचा नाही. नोंदताना नग, एमआरपी आणि मुदतीची तारीख, तिन्ही पॅकवरून बघून टाकायची, बिलावरून नाही. आधी संपणारा माल पुढे, हे सांगायला नको.

पायरी ६: रोज वीस वस्तू मोजा

मार्चअखेर सगळा स्टॉक मोजण्याचा सोहळा हिशोबनिसासाठी असतो, गिऱ्हाइकाला त्याचा काही उपयोग नाही. रोज सकाळी, बिलिंग सुरू होण्याआधी, वीस वस्तू मोजायच्या. कोणत्या? उणे दिसणाऱ्या, काल गिऱ्हाइकानं मागितली आणि सापडली नाही अशा, आणि तिसरा प्रकार महत्त्वाचा: जी वस्तू एरवी रोज विकते, तिचा स्टॉक दिसतोय, पण तीन दिवसांत एकही नग गेलेला नाही. ती वस्तू बहुधा रॅकवर नसतेच. सॉफ्टवेअरच्या लेखी मात्र ती असते, म्हणून तिची नवी ऑर्डरही जात नाही. भुतासारखी बसून राहते.

पायरी ७: ऑर्डरच्या हिशोबात पंचांग आणा

सॉफ्टवेअर मागच्या तीस दिवसांची सरासरी काढून ‘एवढं मागवा’ सांगतं. एरवी ठीक आहे. पण त्याला एकादशी कळत नाही. साबुदाणा, वरी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू आषाढीच्या आधीच्या चार दिवसांत जेवढे जातात तेवढे एरवी महिन्यात जात नाहीत. मग हुशार माणूस म्हणतो, गेल्या वर्षीचा त्याच आठवड्याचा रिपोर्ट काढू. तिथेही फसगत होते. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे २५ जुलैला आहे. एकोणीस दिवसांचा फरक! गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबलात तर माल तीन आठवडे आधी येऊन पडेल आणि पुढच्या वर्षी उलटं होईल.

आम्ही वर्षाच्या सुरुवातीला पंचांग घेऊन बसतो. दोन्ही एकादश्या, श्रावणी सोमवार, हरतालिका, गणपती, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, महाशिवरात्र यांच्या तारखा एका तक्त्यात, शेजारी गेल्या वर्षी त्या सणाआधी दहा दिवसांत काय किती गेलं ते. सॉफ्टवेअरचा आकडा आणि हा तक्ता यांत जो मोठा, तो मागवायचा. हे काम आईकडे आहे, आणि तिचा अंदाज सॉफ्टवेअरपेक्षा सरस असतो, हे मी इथे कबूल करतो.

विसर्जनाच्या दिवशी घरपोच माल पेठांत पोचत नाही. रस्ते बंद असतात. हे फोन घेणाऱ्या मुलाच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं हवं, नाहीतर तो भाबडेपणानं ‘संध्याकाळपर्यंत देतो’ म्हणतो.

पायरी ८: अधिकार काउंटरवर द्या

"मालक आल्यावर बघू" हे वाक्य तुमच्या दुकानात दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं ते मोजा. गिऱ्हाइकाला ते उद्धटपणाचं वाटतं. मुलगा उद्धट नसतो, त्याच्या लॉगिनला ते बटणच दिलेलं नसतं.

आमच्याकडे तीनशे रुपयांपर्यंतची परतफेड कॅशियर स्वतः करतो. कारण निवडल्याशिवाय नोंद पुढे जात नाही आणि खराब म्हणून परत आलेली वस्तू आपोआप ‘डॅमेज’मध्ये जाते, विक्रीच्या स्टॉकमध्ये मिसळत नाही. महिन्याला थोडे पैसे वाया जातात. रोज चार वेळा दुकानात धाव घेण्यापेक्षा ते मला स्वस्त वाटतं. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापून सुटका होत नाही, हेही ध्यानात घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे.

यूपीआयचंही असंच. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे गेले. साउंडबॉक्स गप्प. रांग वाढते, दोघंही एकमेकांकडे चोरासारखं बघतात. पैसे आले की नाही हे दाखवणारा फोन कुठे असतो? मालकाच्या खिशात, आणि मालक बँकेत. वाद यूपीआयमुळे नाही, फोनच्या जागेमुळे झाला! जमा रकमांची यादी फक्त बघता येईल असं लॉगिन प्रत्येक काउंटरवर द्या. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा बारा आकडी संदर्भ क्रमांक त्या यादीत शोधायचा. सापडला तर माल द्या. नसेल तर क्रमांक, रक्कम, वेळ कागदावर लिहून त्यांना द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे खात्यातून पैसे गेले आणि दुकानाकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. हे दोन ओळींत छापून काउंटरवर चिकटवलंय. लोक ते वाचतात, आणि आवाज खाली येतो.

मोबाइल नंबरचा रकाना बिलिंगमध्ये सक्तीचा असेल तर तो काढा. २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागानंही दुकानदारांना नंबरचा आग्रह धरू नका असं कळवलं होतं. आमचा कॅशियर तोवर दहा वेळा नऊ टाइप करून पुढे जायचा, आणि त्या ‘गिऱ्हाइका’च्या नावावर हजारो पॉइंट साठले होते.

पायरी ९: फोनवर काय सांगायचं

स्टॉकच्या आकड्याशेजारी ‘शेवटची मोजणी’ हा रकाना दाखवता येतो. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यानं पंधरा मिनिटांत करून दिला. आता फोन आला की मुलगा आधी ती तारीख बघतो. मोजणी आठवड्याच्या आतली असेल तर तिथूनच ‘आहे’ म्हणतो. जुनी असेल तर "काकू, फोन धरा, रॅकवर बघून सांगतो" म्हणून उठतो. परवा कर्वेनगरचा फोन होता. तो उठला, पाहून आला, म्हणाला, "आजी, तीनच आहेत, तिन्ही बाजूला काढून ठेवू का?"